छतातले अप्पा

ड्रिल स्लॅबमध्ये शिरलं तेव्हा मी सासूबाईंच्या तोंडावर जुनं लुगडं ताणून उभी होते. वरून सिमेंटची भुकटी झरत होती. त्यांनी डोळे मिटून घेतले असते तर मला बरं वाटलं असतं, पण विरलेल्या लुगड्याआडून त्या सरळ वर, त्या भोकाकडे बघत होत्या.

"वहिनी, आता थोडंच राहिलंय," स्टुलावरून दिनकर म्हणाला. "आईला त्रास होत नाही ना?"

"झाला तरी त्या सांगणार थोड्याच," मी म्हणाले.

दिनकर माझा धाकटा दीर. पुण्यात कंपनीत नोकरी, आणि हातात कुठलंही हत्यार आलं की स्वारी खूश. आई अंथरुणाला खिळली म्हटल्यावर तो रजा काढून बार्शीला आला, तो येताना दोन लाकडी स्पीकर, एक अँप्लिफायर, लोखंडी पट्ट्या, साखळ्या आणि वायरचं भेंडोळं घेऊनच. स्टूल धरून उभा होता तो त्याचा थोरला भाऊ सुधाकर, माझा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण ही गोष्ट त्याचं नाव घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. शिल्लक राहिला डावा हात आणि डोळे. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता दवाखान्यात ठेवण्यात अर्थ नाही, घरी न्या आणि जेवढे दिवस आहेत तेवढे सुखात जाऊ द्या. ते दिनकरनं मनावर घेतलं.

"आई अप्पांचा आवाज ऐकत गेली पाहिजे," तो म्हणाला. "जाताना कानावर नाम पडावं, आणि तेही अप्पांच्या तोंडचं. अजून काय पाहिजे माणसाला?"

अप्पा म्हणजे माझे सासरे, गोविंदअप्पा पतंगे. पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, पण गाव त्यांना शिंपी म्हणून नाही, भजनीबुवा म्हणून ओळखायचं. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ते गेले होते. त्यामुळे मला ठाऊक होते ते फोटोतले अप्पा, कपाळाला बुक्का, डोळे अर्धवट मिटलेले, आणि लोकांच्या तोंडचे अप्पा, ज्यांनी म्हणे मुंगीलाही कधी दुखवलं नाही. एवढा गाणारा माणूस, पण घरात त्यांची एकही कॅसेट नव्हती. मी नवीन असताना एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "तुला काय करायच्यात? पोळ्या बघ, करपतायत." मुलं म्हणायची, आईला आठवण सोसत नाही. दिनकरनं मग भजनी मंडळाच्या जुन्या पखवाजवाल्याकडून कॅसेटी मिळवल्या आणि पुण्यात त्यांच्या सीड्या करून आणल्या.

पहिल्या दिवशी त्यानं सीडी प्लेअर आईच्या उशाशी स्टुलावर ठेवला होता. अप्पांचा आवाज सुरू झाला आणि सासूबाईंचा डावा हात असा काही फिरला की स्टूल, प्लेअर, पाण्याचा तांब्या सगळं जमिनीवर आलं. दिनकर म्हणाला, झटका आला असेल. दुसऱ्या दिवशी टेबल जरा लांब लावलं, तर त्यांनी वायर धरून ओढली. तेव्हा दिनकरला युक्ती सुचली.

"छतालाच टांगतो," तो म्हणाला. "तिचा हातही पोचणार नाही आणि दोन्ही कानांना सारखा आवाज येईल. अँप्लिफायर बाहेरच्या खोलीत."

आता छताला पट्ट्या बसल्या, स्क्रू आवळले गेले, साखळ्या अडकवल्या. दोन्ही स्पीकर खाली तोंड करून सासूबाईंच्या चेहऱ्यावर नेमके रोखले गेले. दिनकर खाली उतरला, काम मनासारखं झाल्यावर गडी पुसतो तसे त्यानं हात पुसले आणि बाहेर जाऊन बटण दाबलं.

आधी खाकरण्याचा आवाज आला. अप्पांना म्हणे सवय होती, गळा साफ केल्याशिवाय पहिला सूर लावायचे नाहीत. त्या नुसत्या खाकरण्यानं सासूबाईंचं अंग ताठ झालं. मग टाळ, मग आवाज. आवाज खरंच मोठा गोड होता, खोटं कशाला बोलू. माझ्याही अंगावर काटा आला. सासूबाईंनी डावा हात उचलला, कोपरात वाकवला आणि कपाळावर आडवा धरला.

"बघ दादा, बघ," दिनकर म्हणाला. "नमस्कार करतेय. एका हातानं जेवढा होईल तेवढा करतेय."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिनकरच्याही वाहत होतं. सुधाकर तेवढा कोरडा होता. त्यानं पायात चपला सरकवल्या आणि दुकानात काम आहे म्हणून निघून गेला. त्या दिवसांत लगीनसराई नव्हती की सण नव्हता, तरी त्याला दुकानात कामाचा ढीग पडायला लागला.

मी मात्र घरातच होते. सासूबाईंचं अंथरूण मी बदलायची. तो आवाज सुरू झाला की त्यांचं अंथरूण ओलं व्हायचं. एरवी नाही. मी एकदा दिनकरला तसं म्हणाले, तर तो म्हणाला, "या अवस्थेत ताबा कुठे असतो वहिनी," आणि तेही पटण्यासारखं होतं.

माझं आणि सासूबाईंचं कधी पटलं नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि मीही काही गोगलगाय नव्हते. चहात साखर किती इथपासून माझी लग्न झालेली पोरगी माहेरी किती दिवस राहिली इथपर्यंत आमचं वाजायचं. एकदा तर आम्ही सहा महिने एकमेकींशी भिंतीला सांगून बोलत होतो. पण असं भांडलेल्या माणसाचा चेहरा पाठ होतो. त्या कधी रागावल्या, कधी लाजल्या, कधी नुसतं सोंग करतायत, हे मला पोटच्या पोरांआधी कळायचं. आणि त्या चेहऱ्यावर मला भक्ती दिसत नव्हती. काय दिसत होतं ते मात्र मला ओळखता येत नव्हतं, कारण तसा चेहरा त्यांनी मला कधी दाखवला नव्हता.

एका दुपारी मी जाऊन आवाज अगदी बारीक केला. त्यांनी लगेच डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं. पकड एवढी होती की बांगडी रुतली. मी पाणी पाजून पाहिलं, कूस बदलून दिली, भांडं लावलं. प्रत्येक वेळी त्या मान हलवायचा प्रयत्न करत होत्या आणि ती हलत नव्हती. शेवटी दमून त्यांनी मनगट सोडलं. दिनकर बाहेरून आला, म्हणाला, "कमी का केलं? तिला ऐकायला कमी येतं," आणि त्यानं आवाज पहिल्यापेक्षाही चढवला.

हां हां म्हणता ही गोष्ट गावभर झाली. पतंग्यांची म्हातारी नवऱ्याचं भजन ऐकत चाललीय. बायका दर्शनाला यायला लागल्या. कुणी नारळ ठेवायचं, कुणी बुक्का लावायचं. "नशीब काढलं माउलीनं," असं म्हणत सासूबाईंच्या पायांवर डोकं टेकायच्या आणि वर बघून स्पीकरलाही हात जोडायच्या. दिनकर प्रत्येकीला सांगायचा, "आता बघा हं, नमस्कार करेल." आणि खाकरणं आलं की सासूबाईंचा हात वर जायचा.

अशात विठाकाकू आल्या. त्या आमच्या सख्ख्या शेजारी, एका भिंतीच्या. जातीनं कासार, बांगड्यांचा धंदा. म्हातारपणी लेकीकडे लातूरला राहायला गेल्या होत्या, सासूबाईंचं ऐकून मुद्दाम भेटायला आल्या. दिनकर औषधं आणायला गेला होता. काकू काठी टेकत अंगणातून ओट्यावर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"हे कोन गातंय?"

"अप्पा," मी म्हणाले. "दिनकरभाऊजींनी वर बसवलंय. या ना आत."

त्या आत आल्या नाहीत. तिथूनच त्यांना पलंग दिसत होता, वरचे स्पीकर दिसत होते आणि कपाळावर आडवा धरलेला सासूबाईंचा हात दिसत होता.

"मालन, ते बंद कर आदी."

"काकू, भाऊजी रागावतील. आईंना बरं वाटावं म्हणून..."

"बंद कर म्हन्ते ना तुला."

मी जाऊन बटण बंद केलं. घर एकदम शांत झालं. सासूबाईंचा हात कपाळावरून हळूहळू उतरला. विठाकाकू मग आत आल्या, पलंगावर बसल्या आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला. झटका आल्यापासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. थोड्या वेळात त्या झोपल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड सैल पडलेलं मी पाहिलं.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"तुला कुनी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"मंडळानं गोईंदाला टेप भेट दिला हुता. मोठा, दोन कर्ण्यांचा. तो आपलीच भजनं लावायचा, पार चौकापातुर ऐकू जायाचं. लोक म्हनायचे, काय भक्ती हाय." काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "माझी भिंत एक. टेपाच्या मागनं गजाचा आवाज यायचा मला. कापड मापायचा लाकडी गज असतो ना दुकानात, तो. तिची हाक भाईर जाऊ नये म्हनून टेप."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तिला बांगड्या मीच भरायची. दुसऱ्या दिशी हात मोकळा घेऊन यायची, म्हनायची, विठा, भांडी घासताना फुटल्या गं. कुनाच्या एवढ्या फुटतात भांडी घासताना? मी सुजलेल्या हातावर बांगडी चढवायची आन ती दात खाऊन बसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हनतात, तो मी डोळ्यानं बघितलाय. हात असा धरायची ती, डोकं वाचवायला." त्यांनी कोपर वाकवून हात कपाळावर आडवा धरून दाखवला.

मी पाटावर बसले.

"मुलांना माहीत होतं?" मी विचारलं.

"दिनू तान्हा हुता गं. त्याला काय कळतंय. त्याला बाप मांडीवर घेऊन गायचा, त्याला तेवढाच बाप ठावं." काकू जरा थांबल्या. "सुधाला ठावं हाय. टेप सुधाच लावायचा. बाप म्हनायचा, सुधा, टेप लाव, की पोरगं उठायचं, बटन दाबायचं आन माझ्या ओट्यावर येऊन बसायचं. मी त्याला शेंगा द्यायची. एक शेंग फोडायचा न्हाई, नुसत्या मुठीत धरून बसायचा."

काकू गेल्यावर मी पलंगापाशी बसून राहिले. जे दिसत होतं आणि ओळखू येत नव्हतं ते आता ओळखू येत होतं. सासूबाई जाग्या झाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आई, आता नाही लावू देणार." त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. आमच्यात भांडणाशिवाय झालेलं ते पहिलं बोलणं.

संध्याकाळी सुधाकर दुकानातून आला. घर शांत बघून तो बाहेरच्या खोलीत घुटमळला.

"बंद आहे का आज?"

"मी बंद केलं. विठाकाकू येऊन गेल्या."

त्यानं टोपी खुंटीला अडकवली. पाठ माझ्याकडेच ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "स्टूल धरून उभे होतात तुम्ही. छताला भोकं पडेपर्यंत तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही."

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "दिनूला काही माहीत नाही. त्याच्याकडे अप्पा आहेत, मालन. माझ्याकडे नाहीत. त्याचे तरी राहू देत."

"आणि आईंचं काय?"

"आईचे किती दिवस राहिलेत?"

हे त्यानं निर्दयपणे म्हटलं नाही, ते सांगायला हवं. पण म्हटलं. मला त्या क्षणी त्याची किळस आली आणि कीवही आली, आणि दोन्हींतलं काय जास्त होतं ते मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात अंगणात दिनकर आला. पायांवर पाणी घेता घेता त्यानं हाक दिली, "दादा, बंद का ठेवलंय रे? दिवेलागणीची वेळ आहे. लाव की."

सुधाकर जिथे होता तिथेच उभा राहिला. मला वाटलं, आता तरी हा नाही म्हणेल. एवढा बाप्या झालाय, दुकान चालवतो, पोरीचा बाप आहे. मी त्याचा दंडही धरला. त्यानं माझा हात सोडवला, अँप्लिफायरपाशी गेला आणि बटण दाबलं. आणि दाबून तो मुकाट्यानं ओट्याकडे निघाला.

आतून खाकरण्याचा आवाज आला. मी धावत पलंगापाशी गेले. सासूबाईंची नजर दारातून बाहेरच्या खोलीत गेली होती. बटण कुणी दाबलं ते त्यांनी पाहिलं होतं. हात वर गेला होता.

दिनकर ओल्या पायांनी आत आला. "बघा वहिनी, आज किती वेळ धरलाय नमस्कार."

"तो नमस्कार नाही, भाऊजी," मी म्हणाले. "त्या मार चुकवतायत."

त्याला कळलंच नाही. "काय?"

"अप्पा त्यांना मारायचे. दुकानातल्या गजानं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हीच भजनं मोठ्यानं लावून मारायचे. आईंनी प्लेअर पाडला तो झटक्यानं नाही पाडला. त्यांना हे नकोय. आधी बंद करा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

दिनकरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं स्पीकरकडे पाहिलं, मग आईकडे, मग दाराकडे वळला. दारात सुधाकर उभा होता. ओट्यापर्यंत जाऊन तो परत आला होता.

"दादा?" दिनकर म्हणाला. "वहिनी काय बोलतायत?"

वरून अप्पा गात होते. सुधाकरनं आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

"हिचं आणि आईचं कधी पटलं नाही," तो म्हणाला. "तुला माहीतच आहे."

दिनकरच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांत जी घृणा होती ती मी समजू शकते. एखादीनं माझ्या वडिलांबद्दल असं म्हटलं असतं तर मीही तिच्याकडे तसंच बघितलं असतं. "मरणाऱ्या माणसाच्या उशाशी तरी जीभ आवरायची, वहिनी," तो म्हणाला आणि बाहेर अँप्लिफायरपाशी जाऊन राखणीला बसल्यासारखा बसला.

सासूबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. थोरल्याचं तर नक्कीच ऐकलं होतं, कारण त्यांनी नजर दारावरून काढून घेतली आणि पुन्हा तिकडे वळवली नाही.

मी पलंगावर चढले. त्यांच्या उशाला बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि माझे दोन्ही तळहात त्यांच्या दोन्ही कानांवर घट्ट दाबले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या डोक्याला कधी तेलसुद्धा लावलं नव्हतं. केस अगदी विरळ झाले होते. माझ्या हातांमधून आवाज पूर्ण अडत होता की नाही कोण जाणे, पण त्यांचा कपाळावरचा हात हळूहळू सैल झाला आणि छातीवर येऊन पडला.

दिनकर आत डोकावला. "हे काय करताय? कान सोडा तिचे."

"नाही सोडणार."

"वहिनी, हात काढा. दादा, सांग हिला."

सुधाकर दाराच्या चौकटीला टेकून उभाच राहिला. दिनकर माझे हात ओढायला आला, पण आईचं डोकं हलेल म्हणून घाबरला आणि मागे सरला. मग तो बाहेर गेला आणि त्यानं आवाज वाढवला. साखळ्या थरथरायला लागल्या. मी तळहात आणखी दाबले आणि त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलत राहिले. काय बोलले ते धड आठवत नाही. पोळ्या करपल्याचं बोलले असेन, साखरेचं बोलले असेन. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या.

भजनं एकामागून एक चालली होती. सासूबाईंचा श्वास लांबत गेला, मध्ये मध्ये थांबायला लागला आणि मग एकदा थांबला तो परत आला नाही. मी तरी हात काढले नाहीत. दिनकरचा हंबरडा ऐकून शेजारपाजारच्या बायका धावत आल्या, त्यांनी मला तशीच बसलेली पाहिली, मेलेल्या सासूचे कान दाबून.

त्यामुळे गल्लीत अजून सांगतात, पतंग्यांच्या सुनेनं सासूवर असा डूख धरला की मरतानासुद्धा नवऱ्याचं भजन तिच्या कानावर पडू दिलं नाही. सुधाकर हे ऐकतो आणि खाली मान घालून कापड कापत राहतो. दिनकर तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. विठाकाकूही वारल्या, आता खरं काय ते सांगणारं कुणी उरलं नाही, आणि मीही कुणाची समजूत घालायला जात नाही. पडू दिलं नाही, हे खरंच आहे.